रत्नांची साक्ष

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पानिपत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रथम एका गोष्टीबद्दल क्षमा मागतो. व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'रत्नपरीक्षक' अशी पदवी छापलेली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मी मुळात गलाईवाल्याचा मुलगा. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि शेजारचे माण, खटाव या दुष्काळी मुलखातून आपली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी हिंदुस्थानभर पांगली, त्यांतच माझे वडील होते. विट्याजवळच्या एका खेड्यातून निघून त्यांनी येथील सराफ्यात, एका जिन्याखाली, चार हात जागेत भट्टी मांडली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या घरांची हकीकत याहून वेगळी नसेल. तेव्हा मी येथे विद्वान म्हणून नव्हे, तर मुशीच्या धगीत वाढलेला आपल्यातलाच एक माणूस म्हणून उभा आहे.

विषय निवडण्याचे स्वातंत्र्य कार्यवाहांनी मला दिले. त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी, की मी आजच्या बाजारात कोणत्या रंगाच्या खड्याला मागणी आहे, जुन्या घडणीच्या दागिन्यांना अचानक इतका भाव का आला, हे सांगावे. ते मी सांगणार आहेच. पण पानिपतात उभे राहून रत्नांविषयी बोलायचे आणि पानिपताविषयी बोलायचे नाही, हे मराठी माणसाला जमणारे नाही. शिवाय या दोन विषयांत वरवर दिसते तेवढे अंतरही नाही.

पानिपतची वाट आणि रत्नांची वाट

१५२६ साली याच मैदानावर बाबराने इब्राहीम लोदीचा पराभव केला. लोदीच्या बाजूने लढताना ग्वाल्हेरचा राजा विक्रमादित्य पडला. त्याचे कुटुंब आग्र्यास होते. हुमायून तेथे पोहोचला तेव्हा त्या कुटुंबाकडून त्याला जडजवाहीर मिळाले व त्यात एक मोठा हिरा होता. साऱ्या जगाचे अडीच दिवसांचे अन्न येईल एवढी त्याची किंमत पारख्यांनी केली, असे बाबराने आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. तोच पुढे कोहिनूर झाला असे पुष्कळांचे मत असले, तरी ते सिद्ध झालेले नाही. पण पानिपतच्या पहिल्या लढाईचा निकाल लागताच पहिली मोठी नोंद झाली ती एका रत्नाची, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे १७३९ साली येथून पस्तीस-एक किलोमीटरवरच्या कर्नाळला नादिरशहाने मोगल फौजेचा धुव्वा उडवला आणि दिल्ली लुटली. मयूरासन गेले, कोहिनूर गेला, आणि त्यांच्याबरोबर एक तांबडे रत्न गेले. आज जग त्याला 'तैमूरचे माणिक' म्हणून ओळखते. वजन साडेतीनशे कॅरटांहून थोडे अधिक. गंमत अशी, की ते माणिक नाहीच. ते 'लाल' आहे. बदख्शानच्या डोंगरांतून येणारे, माणकासारखेच दिसणारे, पण जातीने निराळे असे हे रत्न. आपल्याकडील जुने जवाहिरे आणि इराणी पारखी यांना हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक होता. युरोपात तो शास्त्रीय रीतीने मांडला गेला १७८३ साली.

या लालावर बादशहांनी आपापली नावे कोरून ठेवली आहेत. जहांगीर, शहाजहान, औरंगजेब, फर्रुखसियर, मग नादिरशहा, आणि शेवटी अहमदशहा. होय, तोच अहमदशहा अब्दाली. १७४७ साली नादिरशहाचा खून झाला, त्याच्या खजिन्यातली मोलाची रत्ने अब्दालीच्या हाती आली, आणि गादीवर बसताना त्याने किताब घेतला 'दुर्र-इ-दुर्रान', म्हणजे मोत्यांमधले मोती. त्यावरूनच त्याच्या घराण्याला 'दुर्रानी' हे नाव पडले. १७६१ च्या जानेवारीत या मैदानावर आपल्यासमोर जो शत्रू उभा होता, तो स्वतःला मोती म्हणवीत होता.

आणि आपली बाजू? आपल्या पराभवाची वार्ताही मोत्यांच्याच भाषेत दक्षिणेकडे गेली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. नर्मदेच्या पलीकडे, उत्तरेकडे मदतीस निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकारी कासिदाचे पत्र सापडले. त्यात नावे नव्हती. दोन मोत्ये गळाल्याचा, सत्तावीस मोहरा हरवल्याचा, आणि रुपये व खुर्दा यांची तर मोजदादच न राहिल्याचा हिशेब होता. दोन मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

हे पत्र मी शाळेत ऐकले तेव्हा मला त्यात फक्त दुःख दिसले. पुढे भट्टीवर बसू लागलो तेव्हा त्यातली अचूकता दिसली. मित्रहो, गलाईवाल्याच्या कानांनी ते पत्र पुन्हा ऐका. मोहर हरवते, गळत नाही. सोने मुशीत टाका, तेजाबात टाका, ते आपले सत्त्व सोडीत नाही. हरवलेली मोहर कोणाच्या तरी कनवटीला जाते, कोठे तरी पुन्हा प्रकट होते. मोत्याचे तसे नाही. मोती हे शिंपल्यातल्या जिवाने थरावर थर चढवून केलेले एक चुन्याचे शिल्प आहे. तीव्र अम्लात ते विरघळते, भट्टीत त्याची राख होते, आणि मग जगातला कोणताही कारागीर ते परत घडवू शकत नाही. पत्र लिहिणाऱ्या त्या अनाम सावकाराला आपल्या मालाचा स्वभाव पुरता ठाऊक होता. जे भरून येईल त्याला त्याने 'हरवले' म्हटले, जे भरून येणार नाही त्याला 'गळाले' म्हटले. आज मला जे सांगायचे आहे ते सगळे या दोन क्रियापदांत आहे.

गाळणे हा गुन्हा नव्हे

गाळण्याच्या धंद्यातला माणूस गाळण्याविरुद्ध बोलू लागला, तर तुम्हांला हसू येईल. म्हणून आधीच सांगतो, गाळणे हा गुन्हा नव्हे. अनेकदा ती गरज असते. भाऊसाहेब १७६० च्या ऑगस्टात दिल्लीत शिरले तेव्हा लष्कराला द्यायला पैसा नव्हता. लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत त्यांनी काढविले आणि त्याचे रुपये पाडले. सुमारे नऊ लाख निघाले असे इतिहासकार सांगतात. त्या छताची कलाकुसर कशी होती, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण उपाशी फौजेचा सेनापती कलाकुसर पाहत बसू शकत नाही, हेही तितकेच खरे. दुष्काळात, लग्नात, आजारपणात आपल्या आयाबहिणींनी अंगावरचे काढून दिले, म्हणून कितीतरी घरे उभी राहिली. स्त्रीधनाचा तोच अर्थ आहे.

माझे म्हणणे निराळे आहे. दागिना गाळताना सोने हरवत नाही, ते दुसऱ्या रूपाने राहते. गळते ते बाकीचे सगळे: घडण, कोंदण, खड्यांची मांडणी, आणि त्या दागिन्याला ठाऊक असलेली हकीकत. आणि नेमक्या याच 'बाकीच्या'ची किंमत आपण शून्य धरीत आलो.

सराफी व्यवहार कसा होतो ते आपण जाणता. जडावाचा दागिना मोडीला आला, की त्यातले खडे, लाख, मोती, दोरा यांचे वजन वजा होते. उरलेल्या सोन्याचा कस पाहून पैसे मिळतात. गिऱ्हाईक घाईत असते. खड्यांचे काय करायचे, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतात, "द्या टाकून." आपल्या पानिपतात जुन्या लोकरी कपड्यांचा मोठा व्यापार आहे. परदेशांतून गठ्ठेच्या गठ्ठे येतात, त्यांचे सूत करून नवी कांबळी विणतात. पण कपडा फाडण्यापूर्वी त्याची बटणे आणि साखळ्या उपटून बाजूला ढीग करतात. सराफ्यातल्या कारागिराच्या फळीवर असाच रंगीत खड्यांचा ढीग मी लहानपणी पाहिला आहे. त्या ढिगात माणके होती, पाचू होते, काचाही होत्या. कोणाच्या गळ्यात कोणता होता, हे ढीग सांगत नाही.

आपल्या दागिन्यांचे रंग

मराठी दागिन्याची घडण राजस्थानी किंवा पंजाबी जडावापेक्षा संयमी आहे. आपल्याकडे रंग थोडा, पण जागच्या जागी. नथ पाहा. सगळा डौल मोत्यांचा, आणि मध्ये एखादे माणिक किंवा पाचू. तन्मणी पाहा. मोत्यांचे सर साधेच, सगळी श्रीमंती त्या मधल्या खोडात, जिथे माणके, पाचू आणि हिऱ्याच्या चिपा एकत्र बसवलेल्या असतात. चिंचपेटी, कुड्या, बाजूबंद यांचेही तेच. आणि आमच्या कोल्हापुरी साजात एकवीस पानड्या असतात: दहा दशावतारांच्या, आठ अष्टमंगलाच्या, एक माणकाची, एक पाचूची, आणि एक ताईत. एकवीसांत रंगीत फक्त दोनच, पण ते दोन नसतील तर साज आंधळा वाटतो.

हे दोन-चार खडे आपल्या गळ्यात कोठून आले, याचा शोध घेतला तर साऱ्या जगाची सफर घडते. पाचू बहुतेक दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आजच्या कोलंबियातल्या मुझो व चिवोर येथील खाणी ताब्यात घेतल्या, आणि तेथला हिरवा माल समुद्रमार्गे गोव्यास येऊन उतरू लागला. तेथून तो विजापूर, अहमदनगर, आग्रा अशा दरबारांत गेला. उत्तम माणिक ब्रह्मदेशातल्या मोगोकचे. नीलम सिंहलद्वीपाचा, आणि १८८१ च्या सुमारास काश्मीरच्या पाडर भागात दरड कोसळून जी खाण उघडी पडली तिचा. ती खाण काही वर्षांतच जवळजवळ संपली, म्हणूनच आज काश्मिरी नीलम हे नाव घेताच लिलावगृहात शांतता पसरते. आणि मोती बसऱ्याचे. म्हणजे इराणी आखातातले, बहारीन, कुवेतच्या समुद्रातले. बसरा ही पेठ, आणि मुंबई ही त्यांची मोठी बाजारपेठ.

या व्यवहारात मराठी घराण्यांचा वाटा थोडा नव्हता. पानिपतातून जिवंत परतलेल्या सरदारांत दमाजी गायकवाड होते. त्यांच्याच घराण्यातल्या खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास बसऱ्याच्या लक्षावधी मोत्यांनी विणलेला, हिरे, माणिक, पाचू व नीलम यांनी सजवलेला गालिचा करवून घेतला. मदिनेच्या पवित्र स्थानी अर्पण करण्याचा त्यांचा मानस होता असे सांगतात. तो पुरा होण्यापूर्वी, १८७० साली, त्यांचे निधन झाले. हा गालिचा २००९ साली दोहा येथे लिलावात सुमारे पंचावन्न लाख डॉलरांना गेला. त्याच बडोद्याच्या सीतादेवींनी आपले पाचू-हिऱ्यांचे पैंजण अमेरिकेतल्या एका नामांकित जवाहिऱ्याला विकले. त्याने ते मोडून कंठा केला, आणि तो विंडसरच्या डचेसने घेतला. पुढे एका मेजवानीत तो कंठा पाहून महाराणी म्हणाल्या म्हणे, की हे खडे माझ्या पायांतही इतकेच शोभत होते! मोड केवळ गरिबाच्या घरी होते असे नाही. श्रीमंतांच्या घरची मोड चर्चेत राहते, आपल्या घरची राहत नाही, एवढाच फरक.

रुचीचे फेरे

आता बाजाराची गोष्ट थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रत्नांच्या दुनियेत दोन उत्पात झाले. पहिला असा, की १९०२ साली व्हर्न्यूई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्योतीच्या धगीत चूर्ण वितळवून माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. ही काच नव्हे. रासायनिक घटनेने ते खरेच माणिक, पण खाणीत लक्षावधी वर्षे घडण्याऐवजी काही तासांत घडलेले. दुसरा उत्पात मोत्यांचा. जपानच्या मिकिमोटो यांच्या प्रयत्नांतून शिंपल्यात मणी घालून मोती वाढविण्याचा धंदा उभा राहिला, १९२० नंतर असे मोती जगभर आले, आणि त्यात १९३० च्या जागतिक मंदीची भर पडून बसऱ्याच्या मोत्यांचा व्यापार कोसळला. मुंबईतल्या कित्येक पेढ्यांनी त्या वेळी हाय खाल्ली.

त्यानंतर आपल्या घरांतही रुची बदलली. जडाव जुनाट वाटू लागला. चोख सोन्याची, मोडीला सोपी अशी घडण लोकांना आवडू लागली. नंतर हिऱ्यांचे दिवस आले. आणि आता चक्र पुन्हा फिरले आहे. २०१५ साली जिनीव्हात पंचवीस कॅरटांहून किंचित मोठे एक ब्रह्मी माणिक तीन कोटी डॉलरांना गेले. २०२३ साली मोझांबिकच्या ५५.२२ कॅरटांच्या माणकाने तोही आकडा मागे टाकला. १९२० च्या दशकापासून पॅरिसच्या कार्तिएने हिंदुस्थानी धर्तीवर कोरलेली माणिक-पाचू-नीलमची पाने जोडून जे रंगीबेरंगी दागिने केले, त्यांतले एक कंकण २०२० साली तेरा लाख डॉलरांवर गेले. लक्षात घ्या, ती पाने एकेकटी पाहिली तर काही फार मोठी रत्ने नव्हेत. पैसा मिळाला तो घडणीला, आणि ती घडण कोणाची व कधीची हे सांगता आले म्हणून.

जुन्या खड्यांचे आणखी एक मोल वाढले आहे. गेल्या पन्नास वर्षांत माणिक-नीलम भट्टीत तापवून रंग खुलविण्याची रीत इतकी रुळली, की आज बाजारातला बहुतेक माल तापवलेला असतो. पाचूच्या भेगांत तेल भरणे तर फार जुने. सांगून विकले तर यात फसवणूक नाही. पण न तापवलेला, जसा निघाला तसा खडा दुर्मिळ झाला, आणि असे खडे सापडण्याची जी ठिकाणे उरली, त्यांत जुने दागिने अग्रभागी आहेत. म्हणजे आपण "द्या टाकून" म्हणत होतो, ती वस्तू आता जग शोधत फिरते आहे.

दोन खड्यांची हकीकत

आता घरची एक गोष्ट सांगतो.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या वर्षी गावाकडे विहिरी आटल्या, जनावरे चाऱ्यावाचून उभी राहिली. आबा, म्हणजे माझे वडील, गावी जाऊन आले ते आजीचा साज घेऊन. तिनेच तो काढून दिला होता. साज आमच्याच भट्टीत गाळला. सोने सराफाला दिले, पैसे मनीऑर्डरीने गावाला गेले, आणि त्या पैशांवर घरातली अकरा माणसे जगली. याबद्दल मला तिळमात्र खंत नाही.

पानड्यांतले दोन खडे उपटण्याचे काम मजकडे होते. मी शिकाऊ होतो. चिमट्याने कोंदणाच्या कडा उचकटल्या, लाल आणि हिरवा असे दोन्ही खडे काढले, आणि सवयीने ढिगात टाकणार, तोच आई आतून आली. तिने हात पुढे केला. काही बोलली नाही. खडे घेतले आणि आपल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवले.

आमच्या घरात अशी समजूत होती, की तो साज फार जुना, आजीच्या सासूच्याही सासूचा, कोल्हापूर दरबाराच्या वेळचा. पुढे मी रत्नपरीक्षेचे रीतसर शिक्षण घेतले, आणि पहिल्याच सुट्टीत मोठ्या उत्साहाने करंडा उघडला. तांबडा खडा भिंगाखाली धरला. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ, कोनाकोनाने वळणाऱ्या असतात. या खड्यात त्या वक्र होत्या, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेषांसारख्या, आणि मधून मधून वायूचे बारीक बुडबुडे. ज्योतीच्या धगीतले माणिक. म्हणजे फार जुने असूच शकत नाही. हिरवा खडा तर साधी काच निघाली.

आई समोर बसली होती. मी थोडा घुटमळलो, पण खरे सांगितले. ती म्हणाली, "मग सासूबाईंच्या लग्नातलाच असेल. सासऱ्यांनी बैल विकून केला होता म्हणत." आणि करंडा मिटून ठेवला.

त्या दोन वाक्यांनी साऱ्या घराची वंशावळी जागेवर आली. दरबाराची दंतकथा गेली, आणि तिच्या जागी बैल विकून सुनेला साज करणारा एक शेतकरी उभा राहिला. बाजारात कवडीमोल असलेल्या त्या खड्याने एवढी साक्ष दिली होती.

पण पारखी म्हणून मला येथे थांबता येत नाही. तो खडा मुळातलाच कशावरून? मूळचे माणिक कधी तरी पडले आणि त्या जागी नंतर हे बसवले, असेही झाले असेल. तसे असेल तर दंतकथाही खरी, आणि बैलही खरे. याचा निर्णय कोण देऊ शकले असते? फक्त कोंदण. कडा एकदाच वळवलेल्या आहेत की दोनदा, मागील पत्रा जुना की नवा, हत्यार कोणत्या पद्धतीचे, हे पाहून कोणीही जाणता कारागीर पाच मिनिटांत सांगू शकला असता. ते कोंदण मी स्वतःच्या चिमट्याने उचकटले आणि आबांनी मुशीत घातले. सोने हरवले होते, ते कोणाच्या तरी अंगावर आजही आहे. कोंदण मात्र गळाले.

अशीच एक बाई मला आठवते. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून हजारो कुटुंबे या गावात येऊन वसली, हे आपण जाणता. त्यांतली एक वृद्धा नातीच्या लग्नासाठी कपाळावरचा टिक्का मोडायला आली होती. हिशेब झाला, पैसे घेतले, आणि मग तिने आबांना विचारले, "मधला नग मिळेल का?" आबांनी दिला. तिने तो ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला. घर, गाव, माणसे, सगळे मागे राहिले होते. तेवढा नग सीमेअलीकडे आला होता. तो खरा होता की खोटा, हे आबांनी पाहिले नाही, आणि तिनेही विचारले नाही.

एका वहीची सूचना

या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाला एक छोटी सूचना करावी, आणि खाली बसावे, असा माझा विचार आहे.

दागिने विकू नका, मोडू नका, असे मी म्हणणार नाही. प्रसंग येतो तेव्हा मोडावेच लागते. पण मोडण्यापूर्वी एक तास थांबा. दागिन्याची दोन छायाचित्रे घ्या, एक पुढून आणि एक मागून. मागची बाजू विसरू नका, कारण कारागिराचा हात तेथेच दिसतो. शेजारी मोजपट्टी ठेवा. वजन लिहा. कोणाचा, कोणत्या प्रसंगी केला, कोणत्या गावच्या सोनाराने घडवला, हे घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारून लिहा. सांगणारे माणूस आहे तोवरच हे काम होते. खडे आणि मोती मागून घ्या, टाकू देऊ नका, आणि शक्य असेल तर एखाद्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो, खड्याविषयी तो काही बोलत नाही.

जे दागिने राहणार आहेत, त्यांचीही थोडी काळजी घ्या. जुन्या जडावाला पाण्यात बुडवू नका. खड्यामागे चकाकीसाठी बसवलेला पातळ पत्रा ओल लागून काळवंडतो, आणि मग खरा खडाही निस्तेज दिसतो. पाचू गरम पाण्यात किंवा यंत्रात धुवू नका, भेगांतले तेल निघून जाते. मोत्यांना अत्तर, घाम आणि लिंबाचा रस वर्ज्य. अंगावरून उतरवताच मऊ कापडाने पुसून ठेवा. नथीचा मोती काळवंडला म्हणून सोनाराकडे घासायला देऊ नका. घासून वरचे पापुद्रे जातात, गेलेले पाणी परत येत नाही.

आणि मंडळाने एक वही करावी. पानिपत आणि आसपासच्या मराठी घरांतल्या जुन्या दागिन्यांची छायाचित्रे आणि हकिकती तीत नोंदवाव्यात. दागिना कोठे ठेवला आहे, त्याची आजची किंमत काय, हे लिहू नये, त्याची गरजही नाही. आपण गलाईवाले आहोत. या देशात जुना दागिना अखेरीस ज्यांच्या हाती येतो, ती माणसे आपण. वितळण्यापूर्वी त्याला शेवटचे पाहणारे डोळे आपले असतात. तेव्हा ही नोंद आपल्याइतक्या सहजपणे दुसरा कोणी करू शकणार नाही.

दर वर्षी १४ जानेवारीला आपण काला आमच्या स्मारकाशी जातो. जे येथे पडले त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. पत्र लिहिणाऱ्या सावकाराने दोन मोत्ये मोजली, सत्तावीस मोहरा मोजल्या, आणि खुर्द्यापाशी येऊन त्याचाही हिशेब थांबला. त्या खुर्द्यातला एकेक पैसा कोणाच्या तरी घरचा होता. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू कधीच मान्य केला नाही, आणि सौभाग्यलेणे अखेरपर्यंत उतरविले नाही, असे इतिहास सांगतो. त्यांचे नाव राहिले म्हणून त्यांचे लेणेही स्मरणात राहिले. बाकीच्या हजारो स्त्रियांनी त्या वर्षी जे उतरवून ठेवले, त्याचे पुढे काय झाले, हे कोणत्याही वहीत नाही.

निदान आपल्या आयाआज्यांच्या बाबतीत तसे होऊ नये. ते दोन खडे आजही माझ्याकडे, आईच्या त्याच करंड्यात आहेत. वही सुरू करायची ठरली, तर पहिल्या पानावर त्यांची नोंद मी करीन: एक माणिक, भट्टीतले, एक काच, हिरवी, दोन्ही आजीच्या साजातली, कोंदण उपलब्ध नाही.